जास्वंदीतली राणी

शेजारच्या प्लॉटवरचा आंबा पाडला त्या दिवशी मी दुपारीच घरी आले होते. मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचं काम करते. डॉक्टर बाहेरगावी गेले होते, म्हणून लवकर सुटी मिळाली. रिक्षातून उतरले तेव्हा करवतीचा आवाज थांबलेला होता आणि इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत एकदम जास्त उजेड आल्यासारखा वाटत होता. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून तो आंबा आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीसमोर होता. मालकाला तिथे इमारत बांधायची होती. झाड त्याचं, प्लॉट त्याचा. आम्हाला बोलायला जागा नव्हती.

एक मोठी फांदी कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्या पार्किंगमध्ये पडली होती. तिच्यावर पानं एकमेकांना चिकटवून केलेला नारळाएवढा गोळा होता आणि त्यातून लाल मुंग्या बाहेर येत होत्या. बऱ्याच जणींच्या तोंडात तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी होतं. ती त्यांची पिल्लं. तापलेल्या कोब्यावर त्यांना वर चढायला काही सापडत नव्हतं. काही जणी आमच्या स्कूटरच्या चाकावरून सीटवर चढल्या आणि सीटच्या टोकाशी जाऊन थांबल्या. पुढे काही नव्हतंच.

मी तिथे किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही. आमची मुलगी पंधरा दिवसांपूर्वीच शिकायला पुण्याला गेली होती. घरी जाऊन मला करण्यासारखं काही नव्हतं, हेच खरं कारण असावं. मी वर जाऊन बादली आणली, त्या गोळ्याजवळ फांदी तोडली आणि तो बादलीत घालून जिना चढले. पोहोचेपर्यंत मुंग्यांनी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चावून काढले होते. ह्या मुंग्या नुसत्या चावत नाहीत, चावलेल्या जागी आंबट पाणी सोडतात, आणि मग ती जागा चांगलीच झोंबते. बाल्कनीत अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये आमचं कागदी लिंबू होतं. त्याच्या बुंध्याला मी ती फांदी टेकवून ठेवली आणि हात नळाखाली धरले.

नवरा सिन्नरच्या कारखान्यात आहे. संध्याकाळी कंपनीच्या बसने तो आला, बाल्कनीत डोकावला, आणि म्हणाला, "ओट्यावरच्या मुंग्यांना तू खडू मारतेस, आणि ह्यांना उचलून घरात आणतेस?" त्याच्या बरोबर काम करणारा एक कोकणातला माणूस होता. त्याला त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे ह्यांना ओंबील म्हणतात, आंबे उतरवणाऱ्याला विचारा त्या काय चीज आहेत ते.

चार दिवसांत त्यांनी आंब्याची सुकलेली पानं सोडली आणि लिंबावर नवं घर बांधलं. मी मोबाइलवर शोधलं. परदेशात लोक अशा मुंग्या हौसेने पाळतात, काचेच्या पेट्यांत, दिवे लावून, असं दिसलं. आमच्याकडे काचेची पेटी नव्हती. मी ड्रम चार विटांवर ठेवला आणि प्रत्येक वीट पाण्याने भरलेल्या ताटलीत. टाल्कम पावडर पाण्यात कालवून बाल्कनीच्या गजांना चार बोटं रुंद पट्टा लावला. त्यावरून त्यांचे पाय घसरतात, हे मी त्या व्हिडिओंतच शिकले. साखरेचं पाणी बाटलीच्या झाकणात ठेवायला लागले. मेलेलं झुरळ सापडलं तर तेही. पूर्वी झुरळ दिसलं की मी किंचाळायचे. आता चिमट्याने उचलून नेत होते.

पण लिंबाची एक डहाळी मधल्या कठड्यावरून पलीकडे वाकलेली होती, ती माझ्या लक्षात आली नाही.

पलीकडच्या फ्लॅटमध्ये एक काकू त्यांच्या मुला-सुनेकडे राहायच्या. दोघं नोकरीवर गेली की दिवसभर एकट्याच. बाल्कनीत त्यांच्या दोन कुंड्या होत्या, एक जास्वंदीची आणि एक कढीपत्त्याची. एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या, उजव्या हाताची बोटं डाव्या हातात धरून. देवासाठी फूल तोडायला गेल्या आणि माझ्या मुंग्या त्यांना चावल्या. मी माफी मागायला सुरुवात केली. त्या आधी थोडं रागावल्या, रागवायला हवं तेवढंच, आणि मग त्यांनी विचारलं, "ह्या त्या आंब्यावरच्या ना?"

मी हो म्हणाले.

"आमच्या बांधावरच्या आंब्यावर होत्या अशाच. वडील त्या झाडाला कधी फवारू द्यायचे नाय. म्हणायचे, राखणदार हायेत."

काकूंचं माहेर मखमलाबादकडचं आणि सासरही तिथलंच जवळचं. दोन्हीकडे भाजी आणि फुलं. शेवंती, झेंडू, गुलाब. पन्नास वर्षं त्यांनी पहाटे उठून फुलं तोडली होती. पुढे काका गेले, जमिनीच्या वाटण्या झाल्या, मुलाने आईला शहरात आणलं. ती जास्वंद त्यांच्या स्वतःच्या विहिरीजवळच्या झाडाची काडी लावून वाढवलेली होती. निघताना त्यांनी पदरात बांधून आणलेली तेवढी एकच काडी. हे त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी ते ऐकलं होतं. हे इथे लिहून ठेवायला हवं.

मी म्हणाले, आजच्या आज ती डहाळी छाटते. त्या म्हणाल्या, राहू दे. दुपारी पाहिलं तर त्यांनी सुतळीचा एक तुकडा घेऊन त्याचं एक टोक लिंबाला आणि दुसरं जास्वंदीला बांधलं होतं. का, तर मुंग्यांना त्या लवलवत्या डहाळीवरून जाताना त्रास होतो. कुंडीखाली पाण्याचं ताट त्यांनीही ठेवलं. फूल तोडायच्या आधी त्या आता फांदीला दोन टिचक्या मारायच्या आणि पाठीमागून हात घालायच्या. मुंग्या त्यांना पुन्हा क्वचितच चावल्या.

तिथून आमचं सुरू झालं. मी दवाखान्यातून सहाला यायचे, चहा करायचे आणि दोन कप घेऊन बाल्कनीत जायचे. एक कप कठड्यावरून पलीकडे. सुतळीवरून मुंग्यांची रांग चाललेली असायची आणि आम्ही दोन बाजूंनी बघत बसायचो. पहिले काही दिवस मुंग्यांबद्दलच बोललो. मग मुलीबद्दल, मुलाबद्दल, भाजीबद्दल. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. कोणाच्या शेजारी काही न बोलता बसायची सवय मला राहिली नव्हती. ती त्या बाल्कनीत लागली.

एका रविवारी मुंग्यांना जास्वंदीवर घर शिवताना आम्ही पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन पानांमध्ये चार बोटांचं अंतर होतं. एक मुंगी पानाच्या कडेला लटकली, दुसरीने तिची कंबर धरली, तिसरीने दुसरीची, अशी साखळी करून त्यांनी पलीकडचं पान गाठलं आणि सगळ्या मिळून ते ओढत आणलं. पानं जवळ आल्यावर आतून काही जणी पिल्लं घेऊन आल्या. पिल्लाचं डोकं त्या एकदा ह्या पानाला टेकवायच्या, एकदा त्या पानाला. पिल्लाच्या तोंडातून पांढरा धागा निघत होता. मी दवाखान्यातलं भिंग आणलं होतं. काकूंनी ते डोळ्याला लावलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. दुपारच्या पोळ्या राहिल्या होत्या तशाच.

"तान्ह्या लेकराच्या तोंडानं घर शिवतात गं," त्या म्हणाल्या. मग भिंग माझ्या हातात देऊन आत गेल्या. मला वाटलं पोळ्या करायला गेल्या. नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं की त्या बराच वेळ देवापाशी बसल्या होत्या.

नाशिकची थंडी ह्या मुंग्यांना सोसत नाही. डिसेंबरात त्यांनी बाहेर यायचंच सोडलं. सुतळी रिकामी. काकूंनी एक जुनी सुती साडी दुहेरी करून जास्वंदीभोवती गुंडाळली आणि एक मला दिली, लिंबासाठी. उन्हं वर आली की साड्या काढायच्या, दिवस कलला की गुंडाळायच्या. सकाळचं काम त्यांचं, संध्याकाळचं माझं. समोर इमारतीचा पाया खणला जात होता, सगळीकडे धूळ. काकू ओल्या फडक्याने जास्वंदीचं एकेक पान पुसायच्या, घरं तेवढी सोडून. थंडी सरली तेव्हा मुंग्या मेल्या होत्या पुष्कळ, पण उरल्या होत्या त्याही बऱ्याच. होळीपर्यंत लिंबावर दोन घरं, जास्वंदीवर तीन, आणि कढीपत्त्याची बारकी पानं गोळा करून बांधलेलं मुठीएवढं एक.

घरं सहा असली तरी राणी एकच असते. अंडी घालते ती फक्त तीच. बाकीच्या घरांत तिची अंडी नेऊन वाढवतात. ती कोणत्या घरात आहे ते बाहेरून कळत नाही. काकूंना वाटायचं ती लिंबात असणार, कारण पहिलं घर तिथे झालं. मलाही तसंच वाटायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मला सुटी होती आणि काकू नात्यातल्या एका लग्नाला गेल्या होत्या. जास्वंदीवरचं एक घर सुकून तपकिरी झालं होतं आणि मुंग्या ते सोडून शेजारच्या नव्या घरात चालल्या होत्या. मी कठड्यावरून वाकून भिंगातून बघत होते. पिल्लं नेली, कोष नेले, मग बारक्या अंड्यांचे पुंजके नेले, आणि मग सगळ्यांच्या मधून ती आली. इतरांच्या दुप्पट-तिप्पट मोठी, हिरवट तपकिरी, पोट जड. चारही बाजूंनी मुंग्या तिला झाकत होत्या. एवढ्याशा अंतरावर ती तीनदा थांबली. मग नव्या घराच्या फटीतून आत गेली आणि फट मुंग्यांनी बुजवली.

संध्याकाळी काकू आल्या, लग्नातल्या जेवणाचं सांगत राहिल्या, आणि माझं सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. तेव्हा त्यात काही मुद्दाम नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकूंच्या मुलाची बदली झाली. दूर, बेंगळुरूला. काकूंना तिकडे जायचं नव्हतं. भाषा येत नाही, तिथे मी करू काय, म्हणाल्या. त्यांची मुलगी कळवणला दिलेली होती. तिचं बैठं घर होतं, मागे थोडी जागा. तिने आग्रह केला आणि ठरलं. मला हे सगळं चहाच्या वेळी कठड्यापाशी कळलं. त्या म्हणाल्या, सामान फार नाही, दोन कुंड्या तेवढ्या नेते.

मी काय विचार केला ते मला पक्कं आठवतं. मी विचार केला की ह्या मुंग्या मी उचलून आणल्या. हात माझे चावले. मुलगी गेल्यावर घरात ह्या होत्या म्हणून माझे दिवस गेले. आता काकूही जाणार, आणि जाताना राणी घेऊन जाणार, न कळत. माझ्याकडे उरणार लिंबावरची दोन घरं, जी चार-सहा महिन्यांत रिकामी होतील, कारण राणीशिवाय नव्या कामकरी मुंग्या होत नाहीत.

मी म्हणाले, "काकू, जास्वंद आता केवढी वाढलीय. टेम्पोत मोडेल. मुंग्याही बिथरतील. त्यापेक्षा कढीपत्ता न्या. लहान कुंडी आहे, त्यावर एक घर आहेच. तिकडे वाढतील."

त्या जास्वंदीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोडंल म्हणतेस?"

"मोडेल," मी म्हणाले.

"मग राहू दे तुलाच. फुलं वाहत जा देवाला."

मी काडीबद्दल काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. जायच्या दिवशी टेम्पो भरला तेव्हा कढीपत्त्याची कुंडी त्यांनी पुढे, स्वतःच्या पायांपाशी ठेवून घेतली, वर ओलं फडकं टाकून. मी खाली जाऊन पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि जास्वंदीला उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागतं, असं सांगितलं. नवऱ्याने आणि मी त्या संध्याकाळी जास्वंद आमच्या बाजूला आणली. सुतळी सोडावी लागली. तिची गाठ काकूंनी इतकी पक्की मारली होती की ती कापावी लागली.

पावसाळ्यात माझ्या मुंग्या फार वाढल्या. लिंबावर आणि जास्वंदीवर मिळून नऊ घरं झाली. मुलगी सुटीत आली तेव्हा तिने फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. सगळ्यांना कौतुक. काकूंचा दर आठ-पंधरा दिवसांनी फोन यायचा. आधी म्हणाल्या, इकडे त्या कढीपत्त्यावरून चिकूवर गेल्यात, दुसरं घर बांधलंय. मी म्हणाले, अरे वा. मग ऑगस्टच्या सुमाराला म्हणाल्या, घरातून काळ्या पंखवाल्या निघाल्या, बारक्या बारक्या, आणि उडून गेल्या. हे चांगलं का वाईट?

मला ठाऊक होतं ते काय. राणी नसली की कामकरी मुंग्या स्वतः थोडी अंडी घालतात, पण त्यातून फक्त पंखवाले नर होतात. ते उडून जातात आणि मागे काम करायला कोणी उरत नाही. मी म्हणाले, "चांगलंच असेल, काकू."

दिवाळीत त्यांनी फोन केला तेव्हा फराळाचं सगळं बोलून झाल्यावर शेवटी म्हणाल्या, "त्या गेल्या गं सगळ्या. मला नाय जमलं." मी काहीतरी समजावलं, थंडीबद्दल बोलले. त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. मी करायचे तेव्हा बोलायच्या, पण मुंग्यांचं विचारायच्या नाहीत.

नंतरचा हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा मी त्या मुंग्या सांभाळल्या, पण संध्याकाळचा चहा मी आत, टीव्हीसमोर घ्यायला लागले होते. पलीकडे नवे भाडेकरू आले होते. त्यांनी बाल्कनी काचा लावून बंद केली. एकदा नवऱ्याने विचारलं, हल्ली तू मुंग्यांपाशी बसत नाहीस. मी म्हणाले, काम असतं. मग त्याला सगळं सांगितलं. त्याने मला बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "मग आता काय करणार?"

जूनमध्ये काकूंच्या मुलीचा फोन आला. आईच्या डोळ्यांचं विचारायला केला होता. मोतीबिंदूचं कधी करावं वगैरे. बोलता बोलता ती म्हणाली, आईने हल्ली झाडांना हात लावणं सोडलंय. मागची जागा तिच्यासाठीच मोकळी ठेवली होती, शेवंतीची रोपं आणून दिली, ती तशीच वाळली. "म्हणते, माझ्या हाताला आता गुण राहिला नाही. त्या मुंग्या मेल्या तेव्हापासून तिने हेच धरून ठेवलंय."

फोन ठेवल्यावर मी जेवले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी उन्हं यायच्या आत मी जास्वंदीला मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळला, खाली कुंडीच्या गळ्यापाशी दोरीने घट्ट बांधला. गेले चार दिवस अंडी कुठून कुठे नेतात ते मी भिंगातून पाहत होते. राणी अजून जास्वंदीतच होती. लिंबावरून जास्वंदीकडे जाणारी फांदी आदल्या दिवशीच छाटली होती. नवऱ्याने स्कूटरवरून स्टँडवर सोडलं, कुंडी त्याच्या पायांमध्ये आणि मी मागे. कळवणच्या गाडीत मी खिडकीशी कुंडी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी म्हणाले जास्वंद. दिंडोरीच्या पुढे शेजारच्या बाईने मान चोळली आणि बोटांत एक लाल मुंगी धरून माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागितली. ती उठून पुढच्या सीटवर गेली. वणीच्या पुढे आणखी तिघांना चावल्यावर कंडक्टरने मला सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं. मी तशीच, मांडीवर कुंडी धरून, कळवणपर्यंत गेले. मलाही चावत होत्या. ते बरंच वाटत होतं.

काकू अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. वाळल्यासारख्या दिसत होत्या. मला पाहून उठल्या, मग कुंडी पाहिली. त्यांच्या मुलीने पाणी आणलं. मी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगितलं. लग्नाच्या दिवशीचं, राणी पाहिली ते. टेम्पोत मोडेल म्हणाले ते खोटं होतं. काळ्या पंखवाल्या म्हणजे काय ते मला माहीत होतं. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता, त्या कोणाच्याही हाताने जगल्या नसत्या.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. काकूंनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत होता. मी आणि त्यांची मुलगी अंगणात बसलो. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"मला वाटलं माझ्या हातात काय ऱ्हायलंच नाय," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून मी तेच म्हणत बसले."

मी मान खाली घातली होती.

"राणी माझ्याकडं हाय म्हणून सांगितलं असतंस, तर मीच म्हणाले असते तुझ्याकडं राहू दे. तुझी पोर लांब, तू एकटी बसायचीस. मला दिसत नव्हतं काय?"

मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही. रडू दिलं. मग उठून मच्छरदाणीची दोरी सोडायला लागल्या. मुलगी म्हणाली, आई, चावतील. त्यांनी फांदीला दोन टिचक्या मारल्या आणि कापड वरून अलगद काढलं. मुंग्या तोंडं वर करून उभ्या राहिल्या. काकूंच्या मनगटावर दोन-तीन चढल्या, त्यांनी त्या फुंकून खाली सोडल्या. मागच्या बाजूला पेरू होता. त्याच्या बुंध्याशी आम्ही तिघींनी मिळून कुंडी नेली आणि एक फांदी जास्वंदीला टेकवली.

त्या दिवशी त्यांनी मला जेवू घातलं. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी. फार बोलल्या नाहीत. चारच्या गाडीला निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या नाहीत, पेरूपाशीच उभ्या होत्या. माझ्या मनात आलं, आता फोन येणार नाही.

आला. तीन आठवड्यांनी. पेरूवर दोन घरं झालीत, म्हणाल्या, आणि जावई म्हणतोय पेरू कोण काढणार. मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडच्या हायेत अजून?"

माझ्याकडच्या होत्या, कमी होत चाललेल्या. लिंबावर चार घरं राहिली होती. ऑगस्टमध्ये पंखवाले निघाले, मी ते भिंगातून पाहिले, काळे, नाजूक, एकेक करून गजांवरून उडाले. थंडीत मी साड्या गुंडाळल्या, दोन्ही, एकावर एक. संक्रांतीच्या सुमाराला शेवटचं घर रिकामं झालं. ते मी बरेच महिने तसंच राहू दिलं. पुढे पावसात ते गळून पडलं.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. समोरच्या प्लॉटवर चार मजली इमारत आहे आणि आमच्या बाल्कनीत दुपारचं ऊन येत नाही. मुलगी नोकरीला लागली. मी एक-दोनदा पुन्हा मुंग्या पाळायचा विचार केला, एका माणसाने त्र्यंबकच्या बाजूला फांदी दाखवलीही होती, पण मी ती तिथेच ठेवली. मुंग्या मिळाल्या असत्या. कठड्यापलीकडे चहाचा कप धरायला कोणी नव्हतं.

कळवणला मी वर्षातून दोनदा जाते. पेरूवरून मुंग्या केव्हाच शेजाऱ्यांच्या आंब्यावर गेल्या आहेत. जास्वंद आता जमिनीत लावलेली आहे आणि तिच्यावर एकही घर नाही. मागच्या जागेत काकूंनी शेवंती केली आहे, पांढरी आणि पिवळी, चार ओळी. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, पण लांबचं त्यांना अजून स्पष्ट दिसत नाही. गेल्या खेपेला आम्ही आंब्याखाली बाज टाकून बसलो होतो. त्या शेवंतीच्या कळ्या खुडत होत्या, जास्तीच्या, म्हणजे राहिलेल्या मोठ्या होतात. वर फांदीवर दोन पानं ओढायचं काम चाललं होतं. त्यांनी विचारलं, कुठवर आलं? मी सांगितलं, अजून दोन बोटं राहिलीत. त्या कळ्या खुडत राहिल्या. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं.